बंद केल्यावरचा आवाज

पहिल्या रात्री चावी काढली,
खाली उतरून चपला शोधत होतो
तर गाडी मागून बोलली.
डाव्या बाजूनं, टाकीखालून, बारीक घुंईऽऽ,
जसं अंधारात कोणी तोंड न उघडता गुळण्या करतंय.
जरूडच्या पंपावर संत्र्याच्या तीन गाड्या उभ्या होत्या,
तिन्ही बंद, तिन्ही गप्प.
माझी एकटीच जागी.
सोळा दिवसांची. सीटवरचं प्लास्टिकही अजून सोललं नव्हतं.

पुन्हा वर चढलो. चालू केली, बंद केली.
पुन्हा घुंई.
शालिक आता गाडीवर नसतो,
असता तर विचारलं असतं,
"तुलेबी आयकू येते का बे?"

सकाळी थंड इंजिन असं खडखडलं
की डब्यात कोणी सुपाऱ्या हलवतंय.
चढावर शीळ. उतारावर शीळ नाही,
त्याची वेगळीच धास्ती.
पांढुर्ण्याच्या काट्यावर रांगेत उभा होतो
तर इंजिनाचा सूर आपोआप चढला.
मी वाकून माझा पाय पाहिला.
पाय खालीच होता, रबरावर, रिकामा.

अमरावतीच्या शोरूममधल्या पोरानं वायर लावली.
"काका, युरियाची नळी स्वतःला धुते. नॉर्मल."
आणि शीळ?
"नॉर्मल."
आणि पाय नसताना सूर चढतो तो?
"धूर जाळते आतल्या आत. नॉर्मल."
त्यानं बॉनेटला हातसुद्धा लावला नाही.
हा शब्द मी दवाखान्यात ऐकलाय.
त्याच्यामागून बिल येतं.

मग जब्बार मिस्त्रीकडं, काटोल नाक्यावर.
त्यानं जुना लांब पेचकस काढला,
टोक इंजिनाला, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटले.
शेजारी वेल्डिंग चालू होतं, ते त्यानं हातानं थांबवलं.
किती वेळ गेला कोण जाणे,
माझी विडी विझली.
"धोटे, हे गाडी मले काईच सांगून नाही रायली."
म्हणजे?
"बिमार असती त बोलली असती. हे नुसती गुणगुणते."
पैसे घेतले नाहीत.
"आयकाचे पैसे घेतेत का बे?"
चहा मात्र दोन प्याला, माझ्या नावावर.

जुन्या गाडीचे सगळे आवाज मला पाठ होते.
दाराचा, त्यात बारदाना कोंबला होता.
तिसऱ्या गिअरचा, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा.
अकरा वर्षं त्या गोंगाटात मी झोपलोय.
आणि एक होता, अगदी लहान, टिक.
स्टीलच्या पेल्याला बांगडी लागावी तेवढा.
शालिक म्हणाला, भाऊ, हे नवीन हाय.
मी म्हणालो, हाय त हाय. चालते.
दोन महिने चालला.
तळेगावच्या घाटात टिक थांबला
आणि मागचं चाक आमच्या पुढं निघून गेलं.
नऊ टन संत्री उतारावर.
लोकांनी वेचली, कोणी पोत्यात, कोणी पदरात.
मी शालिकला वेचत होतो.

आता बेनोड्यात त्याचं दुकान आहे,
किराणा, थोडी स्टेशनरी.
डावा पाय आखूड.
नवी गाडी घेतल्यापासून त्या रस्त्यानं मी रात्रीच जायचो.

परवा दिवसा गेलो.
दुकानासमोर लावली. चावी काढली.
हॉर्न दिला नव्हता, तरी काठी टेकत तो बाहेर आला,
गाडीभोवती एक फेरी मारली,
टाकीशी थांबला, मान तिरपी केली.
घुंईऽऽ.
मी तोंड उघडलं तर हातानंच गप्प केलं मला.
ओठ हलत होते त्याचे. मोजत होता.
एक्याऐंशीवर आवाज थांबला.
"रोज एवढंच?"
रोज.
"एखांद्या दिवशी कमीजास्त?"
नाही.
"मंग बरं हाय," म्हणाला,
आणि काठी टेकत आत गेला.
कोण्या पोराला पावशेर साखर हवी होती.